आवक-जावक

मिशन हॉस्पिटलच्या स्टोअरात
माझ्या ताब्यात दोन रजिस्टरं आहेत.
एक आवक, एक जावक.
आणि बरणीभर टाचण्या, आजोबांच्या वेळच्या.

आजोबा इथंच कंपाउंडर.
त्यांच्या अक्षरातली अडतीस सालची आवक:
"पेटी एक, बोटीनं. आत जुन्या चादरींच्या पट्ट्या,
गुंडाळलेल्या, नग सहाशे.
एकीच्या कोपऱ्यात रेशमानं विणलंय: ए. एम."
पुढं शेऱ्याच्या रकान्यात:
"बाई असावी. टाका बारीक आहे."

त्या पट्टीत बांधला असेल
गुऱ्हाळाच्या चरकात सापडलेला कुणाचा हात.
पुडीवर तेव्हा वचन छापलेलं असे.
बायका औषध घ्यायच्या
आणि वचनाच्या कागदात तपकीर बांधायच्या.
आजोबांना याचं हसू यायचं.
साहेबाला यायचं नाही.

मार्चात वादळ झालं. आपल्याकडं नाही,
मोझांबिकला, बैरा नावाच्या गावी.
सिस्टर सुवार्ता समुद्रे नकाशा न बघताच म्हणाली, मी जाते.
कोडोलीची पोर. आडनाव समुद्रे,
पोहता विहिरीतसुद्धा येत नाही.

लक्ष्मीपुरीतनं खोकी आणायला गेलो.
दुकानदार म्हणाला,
"एवढ्या लांब कशाला? हितं काय कमी हाय व्हय?"
मला उत्तर सुचलं नाही.
मी पावती मागितली.

जावक:
सलाइन चारशे,
ओआरएस दोन हजार,
क्लोरीनच्या गोळ्या, डबे तीस,
गमबूट जोड नऊ,
सिस्टर एक.
शेवटची ओळ चुकून लिहिली गेली.
खोडली नाही.

तिचा आवाज मोबाईलवर यायचा, तुटत तुटत:
"दादा, पाणी उतरलंय, पण झाडांवर अजून लुगडी लटकल्यात.
कापुलाना म्हणतात हितं.
कॉलऱ्याच्या खाटेला मधे भोक असतं, खाली बादली.
एक म्हातारी आहे, तिची भाषा मला येत न्हाई.
रात्री मी तिला मराठीतनंच रागावते,
पी गं बाई, पी की.
आणि पिते ती.
प्रार्थना? बादल्या धुताना होईल तेवढी."

ऑगस्टात आमची नदी.
पावसाळ्यात कोल्हापूर फूट-इंचात बोलतं.
एकोणचाळीस म्हटलं की चिखली भांडी आवरते,
त्रेचाळीसला म्हशी रस्त्यावर.
त्या साली आकडा सांगणाराच गप्प झाला.

चर्चची बाकं जोडून खाटा केल्या.
आंबेवाडीची एक आजी शेळीसकट आली,
शेळी थेट वेदीपाशी जाऊन बसली.
पाळकांनी शेळीकडं बघितलं, मग वर बघितलं,
मग वैरण शोधायला गेले.

तिसऱ्या दिवशी तोच दुकानदार,
कमरेपर्यंत भिजलेला, डोक्यावर बिस्किटांचा खोका.
मी सवयीनं पावतीपुस्तक काढलं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला,
आणि सलाइनची बाटली धरून उभा राहिला,
खिळा मिळेपर्यंत.

सिस्टरनं विचारलं, येऊ का?
मी म्हणालो, तिथंच थांब. इथं बाकं पुरतात.
खोटं होतं. आम्ही जमिनीवर निजत होतो.

दिवाळीच्या आधी बैराहून एक पोतं आलं.
आत कापुलाना फाडून केलेल्या पट्ट्या,
निळ्या, हळदी, माशांच्या नक्षीच्या,
गुंडाळलेल्या, नग एकशे बारा.
आता असल्या पट्ट्या जखमेला कुणी लावत नाही,
निर्जंतुक गॉज येतं, सीलबंद पाकिटातलं.
नियमानं परत करायला हव्या होत्या.

एकीच्या टोकाला गाठ होती.
नखानं सोडवून बघितली. सुटेना.

आवक लिहिली. तारीख, वजन, नग.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून
इतका वेळ बसलो की शाईचा ठिपका फुगला.
त्याच्या बाजूनं लिहिलं:
"म्हातारी असावी. गाठ पक्की आहे."